दिनविशेषाची खात्रीची यादी कुठे मिळेल?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता. परिपाठाला रोज दिनविशेष असतो आणि सातवीतली मुलं तो ऑफिसशेजारच्या फळ्यावर लिहितात. सकाळी मोबाईलवर तीन ग्रुपांवरून तीन याद्या येतात आणि तिन्हींत तारखा वेगळ्या. १९ फेब्रुवारीला फळ्यावर शिवजयंती लिहिली, तर एका पालकांनी 'खरी जयंती तिथीची' म्हणून मुलांसमोर हटकलं. आता १ ऑगस्ट जवळ आलाय आणि त्या दिवशी इतकं काही आहे की फळा पुरायचा नाही. म्हणून तुम्ही विचारताय: डोळे मिटून उतरवून घ्यावी अशी एखादी खात्रीची यादी आहे का?

नाही. माझ्याकडची यादीसुद्धा तशी नाही, आणि मी हे काम बावीस वर्षं पगार घेऊन केलंय. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. पान दोनवर डाव्या कोपऱ्यात दिनविशेषाची चौकट असायची. नवा माणूस आला की ती त्याच्या गळ्यात घालायची अशी डेस्कवरची रीत. माझ्या गळ्यात पडली ती निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली. मिठाईच्या दोन खोक्यांत ३६६ कार्डं आहेत, अजून घरात आहेत. पुढच्या बाजूला नोंद, मागच्या बाजूला ती कुठून मिळाली ते. मागची बाजू कोरी असेल ती नोंद छापायची नाही, हा नियम.

हा नियम पहिल्या दिवसापासून नव्हता. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका तयार यादीवरून एका साहित्यिकांची पुण्यतिथी उचलून छापली. सकाळी साडेसातला घरी फोन. पलीकडून अगदी शांत आवाज: "मीच बोलतोय. आज माझी पुण्यतिथी असल्याचं वाचलं. कार्यक्रम किती वाजता आहे?" आडनाव एक, नाव एक, माणसं दोन. गेलेले ते दुसरे, विदर्भातले. त्या दिवशी मी त्यांच्या घरी पेढे घेऊन गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि वर स्वतःच्या जन्मतारखेचं कार्ड स्वतःच्या हाताने लिहून दिलं. दोन्ही खोक्यांत मागची बाजू सर्वांत भक्कम असलेलं कार्ड तेच.

तर तुमची अडचण यादी नसण्याची नाही असं मला वाटतं. याद्या चिक्कार आहेत. पण त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे दहा ठिकाणी एकच तारीख दिसली तरी साक्षीदार एकच असतो. मग प्रश्न उरतात ते असे: ही तारीख कोणत्या पंचांगातली? नेमक्या कोणत्या घटनेची? आणि एका तारखेच्या खणात पन्नास गोष्टी पडलेल्या असताना फळ्यावर कोणती घ्यायची? शेवटच्याचं उत्तर तुमच्या शाळेवर, गावावर आणि वर्गावर अवलंबून आहे, ते मी इथून देऊ शकत नाही. पहिल्या दोन्हींबद्दल मात्र सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी तुमच्या त्या पालकांचं बघू. ते चुकलेले नाहीत, आणि तुम्हीही नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद जेधे शकावलीत, म्हणजे शकवर्षांनुसार घटना टिपलेल्या जुन्या यादीत, आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी. ही शकावली लोकमान्य टिळकांना जेधे घराण्याकडून मिळाली आणि १९१६ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १६२७ हे जन्मवर्ष सर्रास धरलं जाई. या तिथीची तारीख काढली की १९ फेब्रुवारी १६३० येते, आणि शासनाने तीच स्वीकारली आहे. फक्त ही तारीख जुन्या, म्हणजे ज्यूलियन पद्धतीची आहे. आज आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर ज्या ग्रेगोरियन पद्धतीने चालतं, त्या हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३० होता. सतराव्या शतकात या दोन पद्धतींत दहा दिवसांचं अंतर होतं.

हे पडताळायची एक सोपी युक्ती आहे, आणि सातवीच्या मुलांना ती फार आवडते. तारीख बदलली तरी वार बदलत नाही. ज्यूलियन, ग्रेगोरियन, शालिवाहन शक, काहीही घ्या, शुक्रवार तो शुक्रवारच. आणि आपलं कॅलेंडर दर ४०० वर्षांनी वारासकट जसंच्या तसं फिरून येतं. म्हणजे १६३० चा वार हवा असेल तर मोबाईलमध्ये २०३० उघडायचं. १ मार्च २०३० ला वार कोणता? शुक्रवार. शकावलीतला वार जुळला. एवढं वर्गात करून दाखवलंत तर त्या दिवसाच्या फळ्याचं सार्थक झालं समजा. पालकांना सांगा की तिथीने जयंती करणाऱ्यांची परंपराही खरी, ती बहुतेक मार्चमध्ये येते, आणि फळ्यावर शासनमान्य तारीख असते एवढाच फरक आहे. वाद बहुतेक वेळा तिथेच निवतो. नाही निवला तर तो पंचांगाचा नव्हताच.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण जिला 'इंग्रजी तारीख' म्हणतो ती घ्यायला इंग्रज फार उशिरा तयार झाले. पोर्तुगालने ग्रेगोरियन पद्धत १५८२ मध्येच घेतली. इंग्लंडने १७५२ मध्ये, तेही २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर थेट १४ सप्टेंबरचा गुरुवार उजाडवून. त्यामुळे शिवकाळात गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत आणि सुरत-मुंबईच्या इंग्रज वखारींच्या कागदांत एकाच दिवसाची तारीख दहा दिवसांनी वेगळी पडते. त्यात इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेवरची पहिली स्वारी आपण जानेवारी १६६४ म्हणतो, पण त्यांच्या लेखी तो जानेवारी १६६३ च होता, कारण वर्ष संपायला अजून अडीच महिने होते. म्हणून यादीत एखाद्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या शिवकालीन घटनेचं वर्ष एकाने कमी दिसलं, तर लगेच चूक म्हणू नका. कुणीतरी वखारीच्या पत्रावरची तारीख तशीच उचललेली असू शकते.

आपल्याकडेही वर्षाचा असाच एक खड्डा आहे. शकाचं इसवी सन करताना सगळे ७८ मिळवतात. चैत्रापासून साधारण मार्गशीर्षापर्यंत ते बरोबर. पण पौषात इंग्रजी वर्ष पालटतं, तिथून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. शके १५५१ चा फाल्गुन म्हणून १६३०. पानिपत शके १६८२ च्या पौषात, म्हणून १७६१. पानिपतापर्यंत इंग्रजांनीही नवी पद्धत घेतलेली होती, त्यामुळे १४ जानेवारी १७६१ ही तारीख आहे तशी चालते, दहा दिवसांची भानगड नाही.

पानिपतावरून आठवलं. दर वर्षी १४ जानेवारीला 'ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली' असं वाक्य येतं. मीही दोन-तीनदा छापलंय. वाक्य झकास आहे, पण १७६१ मध्ये त्या दिवशी संक्रांत नव्हती. मकरसंक्रांत आपल्या कॅलेंडरच्या मानाने साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं आधीचं पानिपत. म्हणजे त्या वर्षी तीळगूळ काही दिवस आधीच वाटून झाला होता. आजच्या दोन गोष्टी एका तारखेला आल्या म्हणून त्या तेव्हाही एकत्र होत्या असं नसतं. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिसचंही तेच. दोघांची मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी सांगतात, जागतिक पुस्तक दिन त्याच तारखेला असतो. पण इंग्लंड जुन्या पद्धतीवर आणि स्पेन नव्या. दोघांच्या जाण्यात प्रत्यक्षात दहाएक दिवसांचं अंतर आहे.

दुसरा घोळ मध्यरात्रीचा. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळाचा रात्री बाराला. रायगडावरचा राज्याभिषेक घ्या. शकावलीत नोंद आहे शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, आणि पुढे म्हटलंय की तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. सूर्योदयाला सव्वा तास अवकाश होता. पंचांगाने तो अजून शुक्रवारच, द्वादशीचाच. घड्याळाने मात्र शनिवार उजाडला होता, ६ जून १६७४. सूर्य वर आला तेव्हा त्रयोदशी, आणि आपण उत्सव करतो तो त्रयोदशीलाच. एकाच सोहळ्याला दोन वार, दोन तिथ्या, आणि ज्यूलियन-ग्रेगोरियन धरलं तर दोन तारखा. यात कुणीच खोटं बोलत नाही. ही नोंद मला पहिल्यांदा उलगडली तेव्हा रात्रपाळी होती. मी प्रूफ तसंच टाकून कार्ड पुन्हा लिहायला बसलो.

टिळकांचंही तसंच. मुंबईत सरदारगृहात ते गेले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर. घड्याळाने १ ऑगस्ट १९२०, रविवार. जुन्या घरातली कुणी आजी शनिवारी रात्री गेले म्हणाली असती, तर तिचंही बरोबरच होतं. जगभर हे होतं. टायटॅनिक हिमनगावर आदळली १४ एप्रिलच्या रात्री आणि बुडाली १५ ला. लिंकन यांना गोळी लागली १४ एप्रिल १८६५ ला, मृत्यू १५ ला. यादी करणारा एक जण आदळण्याचा दिवस घेतो, दुसरा बुडण्याचा, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोघांतला एक चुकला.

यातूनच तिसरी गोष्ट निघते: नेमकं काय घडलं ते क्रियापदासकट लिहा. 'पहिला भारतीय चित्रपट' एवढंच लिहून भागत नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' निमंत्रितांना दाखवला गेला २१ एप्रिल १९१३ ला आणि तिकीट काढून लोकांनी पाहिला तो ३ मे पासून. 'संविधान' असं नुसतं लिहिलंत तर २६ नोव्हेंबर की २६ जानेवारी? स्वीकारलं १९४९ च्या नोव्हेंबरात, अमलात आलं १९५० च्या जानेवारीत. ६ जानेवारीला पत्रकार दिन आहे तो १८३२ मध्ये त्या दिवशी 'दर्पण'चा पहिला अंक निघाला म्हणून. अनेक याद्यांनी तीच तारीख बाळशास्त्री जांभेकरांच्या जन्मालाही चिकटवून टाकली आहे आणि त्यांच्या जन्मतारखेबद्दल मतभेद आहेत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी. राजभाषा दिन १ मे. हे दोन दिवस तर सरकारी फलकांवरही एकमेकांच्या जागी बसलेले मी पाहिलेत.

आता जन्मतारखांबद्दल, कारण शाळेत तुमचा जास्त संबंध तिथे. माझी स्वतःची दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे. तुमच्या गावातल्या साठीच्या पुढच्या माणसांना विचारा, दर आळीत दोन-चार निघतील. जून उजाडला की शाळा भरायची, गुरुजी घरोघर फिरून पोरं गोळा करायचे, आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून टाकायचे. वय बसलं, नाव चढलं, काम झालं. माझी आई सांगायची की मी पानशेतच्या वर्षी, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी झालो. पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. त्या वर्षीच्या गौरी सप्टेंबरच्या मध्यावर येतात. म्हणजे गुरुजींनी मला जन्माआधीच साडेतीन महिन्यांचा केलं होतं. सरकारी नोकरीतल्या माझ्या मित्रांना याचा आणखी एक फटका बसला: महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे १ जूनवाल्यांना ३१ मेलाच नारळ.

म्हणून जुन्या पिढीतल्या कुणाची जन्मतारीख १ जून दिसली की मी कार्डावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचो. खोटी म्हणून नाही, दुसरा पुरावा शोधायचा म्हणून. बाकी १ जूनचं कार्ड प्रवासी लोकांचं आहे. १९३० मध्ये त्या दिवशी डेक्कन क्वीन सुरू झाली आणि १९४८ मध्ये पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली. त्या दिवशी फळ्यावर एसटी घ्या, दुसरं काही बघूही नका. निम्मी मुलं तिच्यातूनच शाळेत येत असतील.

तिथीवरून तारीख काढायची वेळ मुलांच्या घरीही येते, तेव्हा एक गोष्ट माहीत असू द्या. तिथी आणि तारीख दर १९ वर्षांनी जवळजवळ जुळून येतात. गणेश चतुर्थी १९९९ मध्ये १३ सप्टेंबरला होती, २०१८ मध्येही १३ सप्टेंबरलाच. आजीला तिथी आठवत असेल आणि वर्ष अंदाजे माहीत असेल, तर जुनं पंचांग न मिळताही आजूबाजूला पोहोचता येतं. नेमकेपणासाठी पंचांगच हवं, एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होतात.

कार्डांत सर्वांत ओकंबोकं कार्ड २९ फेब्रुवारीचं. तिथे मोरारजी देसाई आहेत, जन्म १८९६. तेव्हा ते चार वर्षांनी १९०० मध्ये पुन्हा वाढदिवसाला पात्र व्हायला हवे होते, पण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग जावा लागतो. त्यामुळे त्यांचा पहिला 'खरा' वाढदिवस आला १९०४ मध्ये, आठ वर्षांचे असताना. योगायोगाने त्याच दिवशी, २९ फेब्रुवारी १९०४ ला, भरतनाट्यम नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा जन्म. गणिताच्या तासालाही चालेल असं हे कार्ड आहे.

योगायोग म्हटला की सगळ्यांचे डोळे चमकतात, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. २३ मुलांच्या वर्गात कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. ४० मुलं असतील तर ती ८९ टक्क्यांच्या आसपास जाते. खण ३६६ च आहेत आणि इतिहासात नावं हजारो. प्रत्येक खणात कुणी जन्मलेलं, कुणी गेलेलं, एखादं युद्ध, एखादा शोध सापडणारच. नाही सापडलं तर आश्चर्य. ८ जानेवारी १६४२ ला गॅलिलिओ गेला आणि बरोबर तीनशे वर्षांनी त्याच तारखेला स्टीफन हॉकिंग जन्मले, हे मुलांना जरूर सांगा, मजा येते. त्यातून अर्थ मात्र काढायला लावू नका.

काही जुळण्या योगायोगाच्या नसतात, त्या ओळखायला शिकवा. २६ जानेवारी मुद्दाम निवडलेली तारीख आहे, कारण १९३० मध्ये त्या दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा झाली होती. १५ ऑगस्टही माउंटबॅटन यांनी निवडली ती १९४५ मधल्या जपानच्या शरणागतीची तारीख म्हणून. योगी अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा, हा मात्र निव्वळ योगायोग.

आता तुमचा १ ऑगस्ट. याच एका कार्डाने मला बावीस वर्षांत सर्वांत जास्त घाम फोडला, कारण मध्यरात्रीचा घोळ, ठरवून निवडलेली तारीख आणि निव्वळ योगायोग हे तिन्ही प्रकार तिथे एकत्र आहेत आणि तेही एकाच वर्षी. १९२० मध्ये त्या दिवशी टिळक गेले. त्याच दिवशी गांधीजींनी असहकार सुरू केला. कैसर-ए-हिंद पदक परत करणारं त्यांचं व्हाइसरॉयना लिहिलेलं पत्र १ ऑगस्टचं आहे. दिवस आधीच ठरलेला होता, मृत्यू अवचित आला, आणि गांधीजी मुंबईतच असल्याने अंत्ययात्रेतही होते. आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यात वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. या तिघांना एका वाक्यात ओवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. 'एक सूर्य मावळला, दुसरा उगवला' हे वाक्य मी दर वर्षी कुणाच्या तरी लेखातून कापायचो. अण्णा भाऊंचं मोठेपण कुणाच्या तरी मावळण्यावर टेकलेलं नाही. ज्या घरात जन्म झाला तिथे त्या रात्री सरदारगृहाची बातमी पोहोचलेलीही नसणार.

याच तारखेचे जगातले नगही भारी आहेत: १७७४ मध्ये जोसेफ प्रिस्टलीचा ऑक्सिजनचा प्रयोग, १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला तो दिवस, १९३६ चं बर्लिन ऑलिंपिक. सिनेमावाल्यांसाठी भगवानदादा, जन्म १९१३. शहरातल्या मोठ्या शाळेत असता तर मी यातला प्रिस्टली नक्की घ्या म्हणालो असतो. पण तुमची शाळा खेड्यातली, फळा लहान. त्यामुळे मी एक चौथी गोष्ट घेईन जिच्याकडे कुणी बघत नाही: १ ऑगस्ट हा आपल्या राज्यात महसूल दिन असतो. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. तलाठी, सातबारा, पीकपाहणी हे शब्द मुलांच्या घरात रोजचे आहेत.

खात्री करायची सोय तुमच्या शाळेतच आहे. जयंत्या आणि राष्ट्रीय दिनांचं शासनाचं परिपत्रक दर वर्षी येतं, ते ऑफिसच्या फाइलीत असेल. महाराष्ट्रातल्या माणसांसाठी मराठी विश्वकोश, जागांसाठी जिल्ह्याचं गॅझेटियर. दोन ठिकाणी जुळलं आणि ती दोन ठिकाणं एकमेकांवरून उतरवलेली नसली की लिहा. नाही जुळलं तर नुसतं वर्ष लिहा, तारीख गाळा. त्या दिवशी दुसरं काहीतरी असतंच. आणि वर्षातून एकदा तरी शाळेचं जनरल रजिस्टर काढून पहिली नोंद कोणत्या तारखेची ते बघा, त्या दिवशी फळ्यावर दुसरं काही घेऊ नका. रजिस्टर हातात आहेच तर जुन्या पानांवर १ जून किती ते मुलांनाच मोजू द्या.

मी तुमच्या जागी असतो तर १ ऑगस्टला फळ्यावर एवढंच लिहून घेतलं असतं:

१ ऑगस्ट
१९२० – लोकमान्य टिळक यांचे मुंबईत निधन. (रात्री बारानंतर. मग वार कोणता धरायचा?)
१९२० – अण्णा भाऊ साठे यांचा वाटेगाव येथे जन्म.
आज महसूल दिन. नवे महसुली वर्ष सुरू.
घरी विचारा: आपल्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत?

खाली कोपऱ्यात वर्गातल्या ज्याचा त्या दिवशी वाढदिवस असेल त्याचं नाव, टिळकांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. आणि ऑगस्टात फळ्याला ओल धरते, खडू उमटत नाही. लिहायच्या आधी कोरडं फडकं फिरवून घ्या.